बोट तुटल्यावर मिळणारा विमा बोट वाचवू शकतो का?

नमस्कार मंडळी. आज थेट मशीनपासूनच सुरुवात करते.

पॉवर प्रेस. पत्रा आत ठेवायचा, पायडल दाबायचं, वरून डाय, म्हणजे आकार देणारा साचा, येते, पत्र्याला आकार मिळतो. तुकडा काढायचा, पुढचा पत्रा ठेवायचा. अख्खी शिफ्ट हेच. समोर जाळीचा गार्ड असतो. तो उघडा असला तर डाय खाली येत नाही, अशी त्याची रचना असते. पण प्रत्येक तुकड्यामागे त्याच्यापायी दोन-तीन सेकंद जातात आणि टार्गेट तर कमी होत नाही. मग कुणीतरी गार्डचा स्विच तारेने बांधून टाकतं. सुपरवायझर बघतो, काही बोलत नाही. आठवडा जातो, महिना जातो, काहीच होत नाही. आणि एक दिवस शिफ्ट संपत आलेली असताना हात आत असतानाच पाय पडतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. हॉस्पिटल, फॉर्म, क्लेम, भरपाई. कामावरच्या अपघाताचा विमा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एवढंच येतं. बोट गेलं, आता किती पैसे मिळतील? तो प्रश्न महत्त्वाचाच आहे, घर त्यावर चालतं. पण माझं म्हणणं असं, की हाच विमा नीट चालवला तर पुढच्या माणसाचं बोट वाचतं. चुकीच्या पद्धतीने चालवला तर अपघात होतच राहतात, फक्त कागदावर दिसेनासे होतात. हे दोन्ही कसं घडतं ते आज बघू.

(स्क्रीनवर आकडे)

आधी हे किती मोठं आहे ते बघा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2023 साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 29 लाख 30 हजार माणसं कामाशी निगडित कारणांनी मरतात. त्यातले अपघातात गेलेले साधारण 3 लाख 30 हजार. उरलेले सुमारे 26 लाख आजारांनी. म्हणजे आपण ज्याला 'अपघात' म्हणून ओळखतो तो या मृत्यूंचा लहान भाग आहे. मोठा भाग सावकाश येतो, फुप्फुसातून, रक्तदाबातून, श्वासातून घेतलेल्या धुळीतून. त्याकडे मी नंतर येते.

आता थोडा इतिहास, कारण सगळी गोम तिथेच आहे.

1871 साली जर्मनीत एक कायदा झाला. कारखान्यात जखमी झालेल्या कामगाराला भरपाई मिळू शकत होती, पण चूक मालकाच्या बाजूची होती हे त्याने सिद्ध करायचं. कसं करणार? साक्षीदार कोण, तर त्याच मालकाकडे काम करणारे सोबती. बोललं तर नोकरी जाणार. मशीन मालकाच्या ताब्यात, कागद मालकाच्या ताब्यात. हातात प्लास्टर घातलेल्या माणसाने कोर्टात उभं राहून हे सिद्ध करायचं होतं.

मग 1884 साली, जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याच्या काळात, अपघात विम्याचा कायदा आला. चूक कुणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला गेला. कामावर इजा झाली ना? मग उपचार मिळतील, पेन्शन मिळेल. हप्ता पूर्णपणे मालकांनी भरायचा. बदल्यात कामगार मालकावर दावा लावणार नाही. एकाच उद्योगातल्या मालकांचे संघ केले गेले आणि भरपाईचा सगळा खर्च त्या संघावर टाकला गेला.

बघा काय झालं यातून. तुम्ही मालक आहात, तुमचा कारखाना व्यवस्थित आहे. शेजारचा मालक मात्र मशीनच्या उघड्या पट्ट्यांवर, गार्डशिवाय काम करून घेतो. आता त्याच्याकडे कुणाचा हात तुटला की खर्चाचा वाटा तुमच्याही डोक्यावर येतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या कारखान्यात काय चाललंय याच्याशी पहिल्यांदाच तुमचा संबंध आला. आणि कायद्याने या संघांना सुरक्षेचे नियम करण्याचा आणि तपासणी करायला माणसं पाठवण्याचा अधिकारही दिला. भरपाई देणारा आणि तपासणी करणारा एकच! आजही जर्मनीतल्या या संस्था दोन्ही कामं करतात आणि कायद्यात त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी प्रतिबंध, मग पुनर्वसन, मग पेन्शन. स्वित्झर्लंडची सुवा ही संस्थाही 1918 पासून अशीच चालते.

पण माझ्या मते 1884 च्या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. चूक सिद्ध करायची गरज संपली, तशी खोटं बोलायची गरजही कमी झाली. गार्ड उघडा होता असं लिहिलं तरी कामगाराची भरपाई जात नाही आणि मालकही कोर्टात उभा राहत नाही. म्हणजे अपघात खरोखर कसा झाला ते कागदावर यायची शक्यता निर्माण झाली. आणि हा कागदच विम्याचं खरं भांडवल आहे.

कसं ते सांगते.

त्या प्रेसचाच विचार करा. एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये बोट जाण्याची घटना दहा-पंधरा वर्षांत एकदा घडत असेल. मालक म्हणतो, नशीब. कामगार म्हणतो, माझंच लक्ष नव्हतं. दोघांनाही यात काही पॅटर्न दिसत नाही, दिसू शकतही नाही, कारण त्यांच्याकडे घटना एकच आहे. पण विमा संस्थेच्या टेबलावर हजारो वर्कशॉपचे फॉर्म येतात. तिथे बसलेल्या माणसाला दिसतं की याच बनावटीच्या प्रेसवर, याच पद्धतीच्या पायडलवर, बहुतेक वेळा डाय बदलताना किंवा अडकलेला तुकडा काढताना बोटं जातायत. मग उपाय सुचतो: पायडल काढा, दोन बटणं द्या, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय डाय खाली येणार नाही. हात बटणावर असले की आत असूच शकत नाहीत. हे एकट्या वर्कशॉपला आपल्या अनुभवातून कधीच कळलं नसतं.

पण इथे एक धोका आहे. फॉर्मवर जे लिहिलं जातं तेच वर पोचतं.

हर्बर्ट हाइनरिक हा अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करायचा. त्याने क्लेमच्या हजारो नोंदी वाचल्या आणि 1931 साली पुस्तक लिहिलं. त्याचा निष्कर्ष असा, की 88 टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात. हा आकडा पुढे कित्येक दशकं सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये सांगितला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी विचारलं, त्या नोंदी भरल्या कुणी? बऱ्याचशा सुपरवायझर आणि मालकांच्या बाजूने. सुपरवायझर फॉर्मवर काय लिहिणार, 'मी टार्गेट वाढवलं म्हणून गार्ड बांधला गेला'? तो लिहिणार, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. आणि उपाय काय निघणार, तर भिंतीवर पोस्टर, 'सावध राहा'. पायडल तिथेच राहणार.

आता पैशाच्या बाजूकडे. विमा प्रतिबंधाला मदत करतो असं म्हटलं की लोक पहिल्यांदा हप्त्याचंच बोलतात. अपघात जास्त तर हप्ता जास्त, अपघात कमी तर हप्ता कमी. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. सगळ्यांना एकच दर लावला तर काळजी घेणाऱ्याला काय फायदा? म्हणून आधी उद्योगाच्या धोक्यानुसार दर ठरतात, म्हणजे छप्पर घालणाऱ्यांचा वेगळा, ऑफिसवाल्यांचा वेगळा, आणि मग बऱ्याच देशांत प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या मागच्या काही वर्षांच्या क्लेमनुसार त्यात चढउतार होतो.

मोठ्या कंपनीत याचा परिणाम होतो. तिथे दरवर्षी पुरेशा घटना असतात, सेफ्टीवर खर्च केला तर दोन-तीन वर्षांत हप्त्यात फरक दिसतो, मॅनेजमेंटला हिशोब पटतो. छोट्या वर्कशॉपचं काय? वर्षानुवर्षं काहीच होत नाही, मग एकदा होतं. त्याचा हप्ता त्याच्या वागण्यापेक्षा योगायोगावरच जास्त हलेल.

आणि सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. क्लेम कमी करण्याचे दोन रस्ते असतात: अपघात कमी करणं, किंवा क्लेम होऊ न देणं. दुसरा स्वस्त पडतो. जखम झालेल्याला सांगितलं जातं, खाजगी डॉक्टरकडे जा, बिल आम्ही देतो, फॉर्म नको. पट्टी बांधलेल्या हाताने दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिसात बसवून ठेवलं जातं, म्हणजे रजा लागली नाही, म्हणजे नोंद नाही. 'इतके दिवस एकही अपघात नाही' असा बोर्ड लागतो आणि त्यावर सगळ्या टीमचा बोनस ठरतो. मग जखमी माणसावर मॅनेजर दबाव टाकतो ते सोडाच, शेजारी काम करणारेही म्हणतात, अरे, तुझ्यामुळे आमचा बोनस जाईल. क्लेम टाळण्याची आणखी एक वाट कंत्राटाची. धोक्याचं काम कंत्राटदाराच्या माणसांना द्यायचं. बोट या कंपनीच्या मशीनवर जातं, क्लेम कंत्राटदाराच्या खात्यावर पडतो आणि कंपनीचा रेकॉर्ड स्वच्छ राहतो. मला याची मनापासून चीड येते. कारण लपवलेल्या प्रत्येक जखमेबरोबर विमा संस्थेच्या टेबलावरचा तो एक कागद कमी होतो. ज्या कागदाने पुढचं बोट वाचलं असतं, तोच जातो.

म्हणून माझं मत ठाम आहे: बक्षीस द्यायचं तर 'शून्य अपघाता'ला देऊ नका, केलेल्या कामाला द्या. गार्ड बसवला, धूळ ओढणारी यंत्रणा लावली, आवाज करणारं मशीन बंद केबिनमध्ये घेतलं, की सूट. ही गोष्ट जाऊन बघता येते, लपवता येत नाही. इटलीतली सरकारी विमा संस्था, इनाईल, कायद्याने सक्तीच्या उपायांपलीकडे जाऊन सुधारणा करणाऱ्या कंपन्यांना हप्त्यात सवलत देते आणि अशा सुधारणांसाठी अनुदानही देते. छोट्या वर्कशॉपला याचाच उपयोग होतो, कारण त्याची अडचण बहुतेक वेळा पैशाची आणि माहितीची असते.

आता आजारांकडे येते, म्हणजे त्या 26 लाखांकडे.

इथे हप्त्याचा हिशोब पार कोलमडतो. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कॅन्सर धुळीशी संबंध आल्यानंतर वीस ते पन्नास वर्षांनी दिसू शकतो. तोपर्यंत कंपनी बंद झालेली असते. आज हप्ता वाढवून कुणाला शहाणं करणार? आजारांच्या बाबतीत विमा कामाला येतो तो फक्त लवकर हस्तक्षेप केला तर.

याचं मला आवडणारं उदाहरण आहे जर्मनीतल्या केस कापणाऱ्यांचं. सलूनमध्ये नवीन लागलेली मुलगी दिवसभर डोकी धुते. हात सतत ओले, त्यात शाम्पू, मग केसांचा रंग, ब्लीच. काही आठवड्यांत बोटांच्या बेचक्यात लाली येते, मग खाज, मग भेगा. पुढे हा एक्झिमा इतका वाढतो की धंदाच सोडावा लागतो. जर्मनीत त्वचेच्या डॉक्टरला हा त्रास कामामुळे आहे अशी शंका आली, की पेशंटच्या संमतीने तो विमा संस्थेला कळवतो. आजार सिद्ध होईपर्यंत थांबत नाहीत. उपचाराचा खर्च, योग्य हातमोजे, क्रीम आणि काम कसं करायचं याचं शिक्षण, हे सगळं विमा देतो. हातमोजे कुठले, कधी घालायचे, रंग कालवतानाही घालायचे का, इतक्या बारकाईने शिकवतात. पूर्वी अशा काही आजारांना व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता हवी असेल तर ते काम सोडावंच लागायचं. 1 जानेवारी 2021 पासून ती अटही काढून टाकली आहे. म्हणजे काम चालू, हात शाबूत, असा प्रयत्न करता येतो.

अर्थात हे सगळं विमा असेल तिथे. जगातल्या निम्म्याहून जास्त कामगारांना कामावरच्या इजेचं प्रत्यक्ष संरक्षणच नाही. बांगलादेशात 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा कोसळला, अकराशेहून जास्त माणसं गेली आणि भरपाईचा निधी देणग्यांमधून गोळा व्हायला दोन वर्षं लागली. तिथे कपडा उद्योगासाठी अपघात विम्याचा प्रायोगिक कार्यक्रम 2022 साली सुरू झाला.

तुम्ही कामगार असाल किंवा छोटं वर्कशॉप चालवत असाल, तर एवढं करा. जखम लहान असली तरी नोंद करा आणि तिची प्रत स्वतःकडे ठेवा. फॉर्मवर 'लक्ष नव्हतं' यावर थांबू नका. मशीन कुठलं, गार्ड होता का, असला तर उघडा का होता, तुम्ही नेमकं काय करत होता, शिफ्टचा कितवा तास होता, हे लिहा. सुपरवायझर फॉर्म भरत असेल तर सही करण्याआधी वाचा. धूळ, आवाज किंवा केमिकलमध्ये काम करत असाल तर एक वही करा: कुठल्या साली कुठे, कुठल्या मशीनवर, कुठल्या पदार्थाशी संबंध आला. त्याच वहीत ऐकण्याच्या तपासणीचे आणि छातीच्या एक्स-रेचे रिपोर्ट जपून ठेवा. नोकरी बदलताना ती वही सोबत न्या. वीस वर्षांनी एखादा डॉक्टर विचारेल, आधी काय काम करत होता? तेव्हा ती कंपनी नसेल, रजिस्टर नसेल, पण वही असेल.