रक्तपट्टिका आणि दाह

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो: ‘आज प्लेटलेट किती आल्या?’ निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात; अहवालात वीस हजार दिसले की नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात. रक्तपट्टिका (प्लेटलेट) म्हणजे फुटलेल्या नळीला लागणारे बूच, आणि बुचे संपली की रक्त वाहणारच, अशी समजूत या धावपळीमागे असते. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. उरलेला अर्धा भाग पट्टिका आणि दाह (इजा किंवा जंतुसंसर्ग झाला की शरीर देते तो संरक्षक प्रतिसाद) यांच्या नात्याचा आहे; तो आज मला आपल्यापुढे मांडायचा आहे.

इटलीतील तुरिन येथे जुलिओ बित्सोत्सेरो यांनी १८८२ च्या सुमारास जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि इजा झालेल्या जागी या कणांची दाटी होताना टिपली. त्यानंतर बराच काळ पट्टिकांची ओळख रक्त थांबवण्यापुरतीच राहिली. निसर्गात मात्र रक्त थांबवणे आणि जंतूंशी लढणे ही दोन कामे मुळात एकत्रच होती असे मला वाटते. घोड्याच्या नालेसारखी पाठ असलेला आणि आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर आढळणारा हॉर्सशू क्रॅब घ्या. त्याच्या शरीरात जिवाणू शिरले की रक्त गोठते, हे फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये दाखवले. त्याच्या रक्तातली एकाच जातीची पेशी शत्रू ओळखते आणि त्याच्याभोवती रक्तही गोठवते. आपल्यात ही कामे पांढऱ्या पेशी आणि पट्टिका यांच्यात वाटली गेली, पण ही वाटणी कधी पुरती झालीच नाही.

पट्टिका जेमतेम दोन-तीन मायक्रोमीटरची असते. अस्थिमज्जेतल्या महापेशीपासून सुटलेला हा तुकडा, त्याला केंद्रक नाही, आयुष्य सात ते दहा दिवसांचे. रक्तपेढीत तिची पिवळसर पिशवी २० ते २४ अंश तापमानात, सतत हलणाऱ्या तबकावर ठेवतात. ही पिशवी उजेडासमोर धरून हलकेच फिरवली की आत रेशमासारख्या लाटा चमकतात, कारण चकतीच्या आकाराच्या पट्टिका प्रकाश वळवत असतात. त्यांचा तो आकार बिघडला की चमकही जाते. शरीरातही पट्टिका चेतवली गेली की चकतीची गोळी होते, तिला पाय फुटल्यासारखे तंतू येतात आणि पोटातल्या सूक्ष्म पिशव्या ती बाहेर रिकाम्या करते. त्यांत रक्त गोठवणारे घटक असतात, आणि पांढऱ्या पेशींना बोलावणारे निरोपेही असतात. याच वेळी तिच्या पृष्ठभागावर येणारे पी-सिलेक्टिन नावाचे प्रथिन न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीला धरून ठेवते.

पुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. जिवाणूच्या आवरणातले विष ओळखणारा टीएलआर-४ हा ग्राहक (पेशीवरचा रेणू ओळखणारा प्रथिनाचा भाग, रिसेप्टर) पट्टिकेवरही असतो. कॅनडातील कॅलगरी येथे पॉल क्यूब्स यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले, की या विषाने जाग्या झालेल्या पट्टिका न्यूट्रोफिलला चिकटल्या की तो आपल्या डीएनएचे जाळे बाहेर फेकतो आणि रक्तातून वाहत जाणारे जिवाणू त्यात अडकतात. या जाळ्याची किंमतही मोठी असते, कारण ते आसपासच्या ऊतींना इजा करते आणि त्यात गुठळ्याही साचतात. म्हणूनच जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या रुग्णाच्या पट्टिका घटतात, तेव्हा त्यांतल्या पुष्कळशा या लढाईत खर्ची पडलेल्या असतात.

आता पुन्हा डेंग्यूकडे येऊ. विषाणू अस्थिमज्जेतले उत्पादन मंदावतो, रक्तातल्या पट्टिकांना चेतवतो आणि त्या लवकर नाहीशा होतात. म्हणजे घसरलेला आकडा हा बराचसा दाहाचा माग असतो. सिंगापूर आणि मलेशियात प्रौढ रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वीस हजार किंवा त्याहून कमी पट्टिका असलेल्यांना केवळ खबरदारी म्हणून पट्टिका दिल्या गेल्या. त्याने रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम अधिक दिसले. रक्तस्राव सुरू असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पिशवी लागतेच.

मग एवढ्या थोड्या पट्टिकांवर एक रुग्ण सुखरूप राहतो आणि दुसऱ्याला रक्तस्राव होतो, हे कसे? याचा एक धागा २००८ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगात सापडतो. पट्टिका जवळजवळ नाहीशा केलेल्या उंदरांच्या त्वचेत किंवा फुफ्फुसात दाह निर्माण केला, तेव्हा नेमके त्याच जागी रक्त पाझरले. जिथे दाह नव्हता तिथे काही झाले नाही. दाहाने सैल झालेली रक्तवाहिनीची भिंत पट्टिका सतत लिंपत असतात, आणि त्या कामाला त्यांची थोडी संख्याही पुरते. म्हणून तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी, विशेषतः ताप उतरत असताना, मी प्लेटलेटच्या आकड्याआधी पोटदुखी, सततच्या उलट्या आणि हिमॅटोक्रिट (रक्तातले लाल पेशींचे प्रमाण) यांची चौकशी करतो. हिमॅटोक्रिट चढत असेल, तर रक्तातले पाणी त्या सैल भिंतीतून बाहेर झिरपू लागलेले असते, मग प्लेटलेट ऐंशी हजार का असेनात.