नाथसागरावरचे ‘वारकरी’ कसे मोजायचे?

नमस्कार मंडळी! सकाळचे साडेसहा वाजलेत. माझ्या मागं हे जे धुकं दिसतंय, त्याच्याखाली नाथसागर आहे, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. आणि हे पत्र्याचं शेड म्हणजे आमचं निसर्ग केंद्र. दोन दुर्बिणी, भिंतीवर नकाशा, पक्ष्यांची चित्रं, चहाची किटली. संपली इस्टेट.

गावात मला हमखास विचारतात, “रविवारी तिकडं जाऊन काय करायलात?” झाडं लावायलात का? नाही. पक्षी मोजायलोत. मग समोरचा माणूस दोन सेकंद गप्प होतो आणि विचारतो, “मोजून काय मिळतंय?” आज तेच सांगतो.

जायकवाडीचं धरण 1976 साली झालं. भिंत जवळपास दहा किलोमीटर लांब, दरवाजे 27. पण पक्ष्यांच्या कामाचं वेगळंच आहे. हे पाणी खोल दरीत कोंडलेलं नाही, सपाट जमिनीवर पसरलंय. काठाला मैलोन्‌मैल गुडघाभर पाणी आणि चिखल. बांधलं शेतीसाठी, पण थंडीत पट्टकादंब नावाचे हंस हिमालय ओलांडून इथं उतरतात. चक्रवाक, थापट्या ही बदकं येतात. 1986 साली हे पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालं.

आणि इथं वारकरीही असतात. पैठणला नाथषष्ठीला येतात ते वेगळे! हा पाणपक्षी, अंगानं काळा, कपाळावर पांढरा ठिपका, गंध लावल्यासारखा. म्हणून नाव वारकरी. काही जण चांदवा म्हणतात. मला वारकरीच आवडतं.

आता मोजायचं कसं? जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालू आहे. पाण्यावर वारकऱ्यांचा काळा पट्टा दिसतो, त्यात एकेक बोट दाखवून मोजत बसलात तर दुपार होईल. म्हणून आधी दहा पक्षी खरंच मोजायचे. त्या दहांनी किती जागा धरली, ती नजरेत ठेवायची. तसे दहा घास म्हणजे शंभर. मग तो शंभराचा घास घेऊन थव्यावरून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत जायचं. मागं वळायचं नाही.

पहिल्या वर्षी मी वळलो होतो. वरून एक शिकारी पक्षी गेला, थवा उठला आणि पलीकडं जाऊन बसला. मी दोन्हीकडचे मोजले आणि मोठ्या रुबाबात दोन हजार लिहिले. शेजारी जाळं आवरत बसलेले भोई काका म्हणाले, “सर, आत्ता हितं होते तेच तिथं बसलेत. दोनदा जेवायला वाढलं की तुम्ही.” खोडरबर काढला. तेव्हापासून काका आमच्या गटात आहेत. त्यांना पक्ष्यांची पुस्तकातली नावं येत नाहीत, पण कुठला पक्षी कुठल्या वाऱ्याला कुठं बसतो, हे आमच्या दोन्ही दुर्बिणींपेक्षा त्यांना जास्त कळतं.

अजून एक. पक्षी दिसला नाही, तर तेही लिहायचं. नवीन पोरांना हे पटत नाही, “शून्य काय लिहायचं, सर?” म्हणतात. अरे, तीच जागा, तीच वेळ, आणि पाच वर्षं दिसणारा पक्षी यंदा नाही, ही केवढी मोठी खबर आहे! पण ती कुणाला कळणार? जो पाचही वर्षं आला त्यालाच. एकदा येऊन फोटो काढून गेलेल्याला नाही. आमच्याकडं माणसं कमी नाहीत, दुसऱ्यांदा येणारी कमी आहेत.

उन्हाळ्याचं काम निराळं. पाणी मागं सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी पीक घेतात, गाळपेर म्हणतात त्याला. नेमकं त्याच सुमाराला नदी सुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतो. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी मातीच्या रंगाची. आम्ही एकदा शहाणपणा करून घरट्याजवळ काठ्या रोवल्या. काठ्या बघून कावळे आधी आले! त्यानंतर काठ्या बंद. आता शेतकऱ्याशी बांधावर बसून बोलतो. एका दादांनी तेवढा तुकडा सोडून नांगर वळवला, म्हणाले, “नांगराच्या चार ओळी कमी पडल्या म्हणून काय होतंय.”

बाकी वर्षभर फाटक्या नायलॉन जाळ्यांचे तुकडे गोळा करणं चालूच असतं. त्यात पाणकावळे अडकतात. अडकलेला जिवंत पक्षी दिसला तर वन विभागाला फोन. त्याला हातात धरून सेल्फी नाही. अभयारण्य आहे, गणनेलाही त्यांची परवानगी घेऊनच उतरतो.

यायचं असेल तर मातकट रंगाचे कपडे घाला, भडक लाल नको. टोपी, पाणी, भाकरी बांधून आणा, चहा आमचा. दुर्बीण नसली तरी चालेल, वही-पेन्सिल पाहिजे. पेनची शाई दवात फुटते.

चला, धुकं उठायलंय. काका खुणावतायत... बहुतेक वारकरी दिसले.