राळेचा बाहुला

(पडद्यावर : बर्फाने झाकलेलं खोरं. मातीच्या विटांचं घर, धुराड्यातून वर चढणारा धूर.)

हा अमेरिकेतला न्यू मेक्सिको, उत्तरेकडचा. थोडं पुढे गेलं की कोलोरॅडो लागतं. ओन्याते या स्पॅनिश मोहिमेच्या म्होरक्याबरोबर स्पॅनिश कुटुंबं इथे आली १५९८ साली. १८४८ मध्ये हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. माणसं होती तिथेच राहिली, देश बदलला.

इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजूनही ‘असिना’ म्हणजे असं, ‘बीदे’ म्हणजे मी पाहिलं, ‘त्रूहे’ म्हणजे मी आणलं, असे जुने स्पॅनिश शब्द येतात. माद्रिदच्या शाळेत कुणी असं बोललं तर मास्तर लगेच सुधारतील. तुकोबांच्या वेळचं क्रियापद आपल्या आजीच्या तोंडी सहज यावं, तसलाच हा प्रकार.

(चूल. पिन्योन या पाइन झाडाच्या बिया फोडणारे हात.)

गोष्टी हिवाळ्यातल्या, जेवणं उरकल्यावरच्या. त्या टिपून घ्यायला बाहेरून कुणी पंडित आला असता तर त्याला कॉफी मिळाली असती, गोष्ट मिळाली असती की नाही कोण जाणे. हुआन राएल इथलाच, आरोयो होन्दो गावचा. पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाला, पण गोष्टी गोळा करायला आपल्याच मुलखात परतला. १९३७ सालचा त्याचा प्रबंध इथल्या स्पॅनिशच्या व्याकरणावर आहे, आणि त्याला आधार ४१० लोककथांचा.

१९४० च्या उन्हाळ्यात तो ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन फिरला. आलामोसा, मनासा, अंतोनितो, सेर्रो आणि स्वतःचं गाव. तबकडीवर जागा थोडी, त्यामुळे तिथे मुख्यतः गाणी आली : लग्नातली पदं, नाटकांतली पदं, आणि उपासाच्या दिवसांत गायचे ‘आलाबादो’, म्हणजे ख्रिस्ती भजनं. आज अमेरिकन संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते ऐकता येतात. आवाजाआधी ऐकू येते ती सुईची खरखर. मला ती आवडते.

(आवाज : खरखर, मग एक थकलेला पुरुषी स्वर.)

आवाजच का हवा? एक कोडं ऐका. स्पॅनिश घरांतलं, पोराटोरांना पाठ असलेलं. ‘ओरो पारेसे, प्लाता नो एस.’ सोन्यासारखं दिसतं, चांदी नाही. ओळखा! आता तेच भरभर म्हणा : प्लातानो एस. केळं आहे! कागदावर लिहिताना दोन शब्दांत जागा सोडली की उत्तर लपतं, नाही सोडली की फुटतं. कानाला मात्र दोन्ही एकदमच ऐकू येतं.

(कुंपण. सशाच्या पावलांचे ठसे.)

आणि आता राळेचा बाहुला. ससा रोज बागेत चोरी करतो. मालक राळेचा नाहीतर मेणाचा बाहुला उभा करतो. ससा म्हणतो, बाजूला हो. बाहुला गप्प. ससा एक थप्पड मारतो, हात चिकटतो. दुसरा हात, एक पाय, दुसरा पाय. शेवटी डोकं.

कोलोरॅडोतच जन्मलेले, राएलच्या आधीच्या पिढीतले अभ्यासक आउरेलियो एस्पिनोसा या गोष्टीच्या मागेच लागले. १९२० मध्ये ते थेट स्पेनमध्ये जाऊन खेड्यापाड्यांतून २८० कथा घेऊन आले. बाहुल्याचा माग काढत पोहोचले कुठे, तर जातककथांमध्ये! तक्षशिलेहून विद्या शिकून परतणारा राजपुत्र पंचायुध, जंगलात चिकट केसांचा यक्ष, आणि तेच पाच फटके : दोन हात, दोन पाय, डोकं. मूळ भारतात, असं एस्पिनोसांचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलं नाही. ही गोष्ट आफ्रिकेची म्हणणारेही पुष्कळ आहेत. पण आपल्या गोष्टी तिकडे पोहोचल्याच नाहीत, असंही नाही. पंचतंत्र अरबीतून १२५१ साली कास्तिलियन भाषेत, म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिशमध्ये, उतरलं होतं.

(वर्ग. रिकामी बाकं.)

एवढा प्रवास करून आलेली गोष्ट अडली ती शाळेच्या दारात. इथे स्पॅनिश बोललं म्हणून मुलांनी छड्या खाल्ल्या. मार खाल्लेल्यांनी आपल्या लेकरांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. त्यांना दोष कोण देणार? नातवाला मात्र आजीचं बोलणं अर्धंच कळतं.

यंत्र आता खिशात मावतं. पण ससा पहिली थप्पड मारतो तेव्हा ‘मग?’ विचारणारं कुणीतरी समोर लागतं. नाहीतर आजी गोष्ट आवरती घेते, तीन वाक्यांत.

आपल्याकडे साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते. स्पॅनिश गोष्टीच्या शेवटी पुष्कळदा ऐकणाऱ्यालाच कामाला लावतात : मी माझी सांगितली, आता तू दुसरी सांग.

(लाल दिवा चालू. आजी थांबली आहे, समोर बघते आहे.)