बाहेर नाव काढणारे, घरी लवकर जाणारे

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्कॉटिश माणूस : घरी आणि परदेशी’. संयोजकांनी मला फोनवर काळजीनं विचारलं, अहो, हे ऐकायला पुण्यात कोण येणार? मी म्हटलं, कंजूषपणाचे जगातले निम्मे विनोद स्कॉटिश माणसावर आहेत आणि पुण्यात ते फक्त आडनाव बदलून चालतात. येतील लोक. आलात, बरं वाटलं. प्रवेश विनामूल्य आहे हेही एक कारण असेल.

विषयाकडे जाण्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. आपण या सगळ्या मंडळींना सरसकट ‘इंग्रज’ म्हणून टाकतो. ‘इंग्रजानं मराठ्यांचा इतिहास लिहिला’ म्हणतो. कोणी लिहिला? ग्रँट डफनं. तो बान्फ गावचा, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झाला एल्फिन्स्टन, तो स्कॉटिश. त्याच्या मागून आला माल्कम, तोही स्कॉटिश. विल्सन कॉलेजचे विल्सन लॉडर नावाच्या खेड्यातले, १८२९ साली मुंबईत उतरले. आपल्या दापोडीची ती सरकारी बाग सांभाळणारा डॉक्टर गिब्सन, जो पुढे मुंबई इलाख्याचा पहिला जंगल अधिकारी झाला, तोही तिकडचाच. माहीमच्या शाळेच्या तर पाटीवरच ‘स्कॉटिश’ लिहिलंय. पण तिथल्या ॲडमिशनबद्दल रात्र रात्र बोलणाऱ्या पालकांपैकी एकानंही मला कधी विचारलं नाही की बुवा, स्कॉटिश का? एडिंबरोत जाऊन एखाद्याला ‘तुम्ही इंग्लिश ना?’ असं विचारून बघा. मी विचारलं नाही, म्हणून आज तुमच्यासमोर धडधाकट उभा आहे.

बरं, एवढे सगळे तिथूनच का आले? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात विद्यापीठं दोन होती, स्कॉटलंडात पाच. १६९६ साली त्यांनी कायदा केला की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, शाळा हवी. वस्ती किती? जेमतेम दहा लाख. म्हणजे शिकलेली पोरं भरपूर, आणि त्यांना घरी द्यायला नोकऱ्या नाहीत. हे चित्र तुम्हाला समजावून सांगायला नको, तुमच्यापैकी निम्म्यांची मुलं न्यू जर्सीत आहेत. १७०७मध्ये इंग्लंडशी एकत्रीकरण झालं, साम्राज्याचा दरवाजा उघडला आणि ही मंडळी सुटली. डॉक्टर, हिशेबनीस, माळी, इंजिनियर, मिशनरी. डंडी शहरात तागाच्या गिरण्या होत्या, तिथले लोक कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांत मॅनेजर झाले आणि त्यांनीच पुढे डंडीचा धंदा बसवला. स्वतःच्या गावाच्या पोटावर पाय देणारी अशी सेवा क्वचितच कुणी केली असेल.

१८२५ ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपर्यंत वीस लाखांहून जास्त माणसं तो देश सोडून समुद्रापार गेली. १९०१ साली देशात राहिलेली होती पंचेचाळीस लाखांच्या आत. हा हिशेब डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे. सगळे काही करिअरसाठी गेले नाहीत. उत्तरेकडच्या सदरलंडच्या दऱ्यांमधून मेंढ्यांना कुरणं हवीत म्हणून कुळांना हाकललं, स्ट्रॅथनेव्हरमध्ये १८१४ साली घरं पेटवली. काही प्रकृतीसाठी गेले. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल एडिंबरोचा. त्याचे दोन्ही भाऊ क्षयानं गेले, तेव्हा आईबापांनी उरलेल्या एकाला घेऊन १८७०मध्ये कॅनडा गाठलं. हवापालटासाठी. अँड्र्यू कार्नेगीचा बाप हातमागाचा विणकर, यंत्रमागानं त्याचं पोट मारलं, म्हणून ते कुटुंब १८४८मध्ये अमेरिकेला गेलं. पोरगा बारा वर्षांचा. पुढे तो पोलादाचा राजा झाला, ते तुम्हाला माहीतच आहे.

पण बाहेर सगळं आलबेल होतं अशातला भाग नाही. जुन्या मुंबईत गोऱ्यांच्यात म्हणच होती, की माणसाचं आयुष्य दोन पावसाळे. पोहोचलेल्यांची नावं पुतळ्यांवर आहेत, न पोहोचलेल्यांची दफनभूमीत, आणि दुसरी यादी लांब आहे.

आता मी माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. मला ओळखणारे मागच्या रांगेत आत्ताच हसले, हो, गेडिसच. पॅट्रिक गेडिस, शहररचनेचा विचार करणारा. माझ्या प्रत्येक व्याख्यानात हा येतो. एकदा बटाट्यावर बोलायला बोलावलं होतं, तिथंही आला.

जन्म १८५४, बॅलटर गावी. एडिंबरो विद्यापीठात गेला, आठवड्याभरात सोडून आला. लंडनला हक्सलीपाशी जीवशास्त्र शिकला. पदवी आयुष्यात कधी घेतली नाही, आणि प्रोफेसर दोन ठिकाणी झाला: आधी डंडीत वनस्पतिशास्त्राचा, मग आपल्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा. आज त्याचा अर्ज नेट-सेटच्या पहिल्याच चाळणीत बाहेर पडेल. डंडीची नोकरी अशी की वर्षातून उन्हाळ्याचे तीनच महिने शिकवायचं. बाकीचे नऊ महिने तो शहरं बघत हिंडायचा. पंचविशीत मेक्सिकोत डोळे गेले, कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पट्टी बांधून पडून होता, तर कागदाच्या घड्या घालून त्या चौकटी बोटांनी चाचपत विचार करायला शिकला. दृष्टी परत आली, पण घड्यांची सवय गेली नाही. आयुष्यभर लोकांना घड्या घातलेले कागद दाखवत राहिला आणि लोक माना डोलवत राहिले.

लग्न झाल्यावर यानं काय केलं? एडिंबरोचा जुना भाग तेव्हा बकाल झाला होता, बरे लोक नव्या भागात निघून गेले होते. हा बायकोला घेऊन, १८८०च्या दशकात, जेम्स कोर्टमधल्या जुनाट चाळवजा इमारतीत राहायला आला. भिंती रंगवल्या, खिडक्यांत कुंड्या ठेवल्या, शेजाऱ्यांना कामाला लावलं. ॲना मॉर्टन म्हणजे त्याची बायको, लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या बाजूनं त्या संसाराकडे पाहणारं कुणी फारसं लिहीत नाही.

१९१४मध्ये मद्रासच्या गव्हर्नरनं त्याला हिंदुस्थानात बोलावलं. शहरांचं एक मोठं प्रदर्शन त्यानं वर्षानुवर्षं जमवलं होतं, नकाशे, चित्रं, आराखडे. ते ‘क्लॅन ग्रँट’ नावाच्या बोटीवर चढवलं. महायुद्ध सुरू झालेलं. जर्मनांच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेनं ती बोट बुडवली. मद्रासवर गोळे टाकणारी तीच एम्डेन. आमचे एक मद्रासी स्नेही सांगतात, तिकडे भांडखोर माणसाला अजून एम्डेन म्हणतात. तर प्रदर्शन समुद्राच्या तळाला. दुसरा कुणी परतला असता. यानं घरी कळवलं, मित्रांनी पुन्हा नकाशे जमवून पाठवले, आणि १९१५च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन उघडलं.

१९१७ साली त्याचा थोरला मुलगा ॲलिस्टर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. तार आली तेव्हा ॲना इथे तापानं अंथरुणाला खिळलेली. त्यानं तिला सांगितलं नाही. ती जूनमध्ये गेली, मुलगा आहे असंच समजून. यावर मी काही बोलत नाही.

त्याच वर्षी हा माणूस इंदूरला होता. होळकरांचं इंदूर, तुकोजीराव गादीवर. गावात प्लेग. हा दाढीवाला साहेब गल्लीबोळांतून हातात नकाशा घेऊन हिंडायचा, आणि त्याच्या लक्षात आलं की लोक त्याला पाहून घाबरतात. म्हातारा साहेब आला की पाठोपाठ प्लेग येतो, अशी बोलवा झाली होती. शिवाय सरकारी साहेब मोजमाप घेतो म्हणजे घर पडणार, हे लोकांना ठाऊक होतं. तेव्हा यानं दरबाराकडे मागणी केली, मला एक दिवस महाराजा करा. म्हणजे दिवाळीची मिरवणूक माझ्या हाती द्या. आणि दवंडी पिटली: मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही, ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यात स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील त्या रस्त्यानं जाईल.

झालं. इंदूरची बायामाणसं झाडू घेऊन बाहेर पडली. साफसफाई करायला सांगणारी किती परिपत्रकं नगरपालिकांनी आजवर काढली असतील, पण ‘मिरवणूक शेजारच्या आळीतनं जाईल’ या धमकीची ताकद कुठल्याच परिपत्रकात नाही. मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच. पण त्यात प्लेगचा उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, आणि त्यांच्यामागून पांढरेस्वच्छ कपडे घातलेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार, नवे झाडू घेऊन. ज्यांची सावलीसुद्धा लोक टाळत त्यांची मिरवणूक राजरस्त्यावरून. त्यांच्यामागून इंदूर नगरीची देवी. शेवटी राक्षसाचं दहन. गोव्याच्या लोकांना हे फार परकं वाटणार नाही, नरकासुर ते दरवर्षीच जाळतात. लोकांना तुळशीची रोपं वाटली. त्या दिवसापासून म्हातारा साहेब गावाला प्रिय झाला.

गंमत अशी की आजचं इंदूर स्वच्छतेच्या यादीत वर्षानुवर्षं पहिलं येतं. त्याचा गेडिसशी संबंध जोडायचा मोह मला होतो, पण पुरावा नाही, म्हणून जोडत नाही. तुम्ही मनात जोडा.

त्याची पद्धत सोपी होती. इंजिनियर सांगायचे, वस्ती दाट आहे, मधून रुंद सरळ रस्ता काढा, पाचशे घरं पाडा. हा म्हणायचा, पडायला आलेलं एखादं घर तेवढं काढा, तिथे झाड लावा, विहीर उपसा, चौक मोकळा करा. माणसं हलवू नका. शस्त्रक्रिया करा, पण राखून. मुंबईत शिकवताना म्हणे तो दाढीतल्या दाढीत पुटपुटायचा, पहिल्या रांगेपलीकडे ऐकू जायचं नाही. पण पहिल्या रांगेत कोण होतं? आमच्या मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिसनं त्यांना विलायतेला पाठवलं आणि गेडिसनंतर ते खातं त्यांनीच उभं केलं, एवढं झालं तरी पुष्कळ...

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं’. म्हणजे पत्रिकेवरचा विषय अजून सुरूच व्हायचाय. तर पळतो.

ग्लासगो. २००८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी आले. ग्लासगोच्या कॅल्टन भागातल्या पुरुषाचं अपेक्षित आयुष्य ५४ वर्षं, काही मैलांवरच्या लेन्झीतल्या पुरुषाचं ८२. अठ्ठावीस वर्षांचा फरक, लोकल गाडीनं जाता येईल एवढ्या अंतरात. सगळे म्हणाले, गरिबी. मग संशोधकांनी ग्लासगोची तुलना लिव्हरपूल आणि मँचेस्टरशी केली. गिरण्या-गोद्या तिथेही बंद पडल्या, गरिबीचं प्रमाण जवळपास तेवढंच. तरी ग्लासगोत अकाली मृत्यू सुमारे ३० टक्के जास्त. दारू, अमली पदार्थ, आत्महत्या. अमली पदार्थांनी तर २०२०मध्ये साऱ्या स्कॉटलंडमध्ये तेराशेहून जास्त माणसं गेली, पंचावन्न लाखांच्या देशात. लोक म्हणतात खाणं वाईट. ते चॉकलेटची कांडी पिठात बुडवून तळतात हे खरं आहे. आपण साबुदाणा तळतो. पण त्यानं तीस टक्क्यांचा उलगडा होत नाही.

माझं म्हणणं असं, आणि २०१६च्या ग्लासगोच्या अभ्यासातही याला आधार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं ठरवलं की ग्लासगो दाट झालंय. ईस्ट किलब्राइड, कम्बरनॉल्ड अशी नवी शहरं वसवली. तिथे घर कुणाला? हातात कसब असलेल्या, नोकरी असलेल्या, लहान मुलांच्या कुटुंबांना. म्हातारे, आजारी, बेकार मागे. हे नकळत झालं नाही; सरकारी कागदांतच त्याची जाणीव दिसते, आणि तरीही ते धोरण चालू ठेवलं. जे राहिले त्यांच्या चाळी पाडून त्यांना शहराच्या कडेला ईस्टरहाऊससारख्या वसाहतींत किंवा रेड रोडच्या ३१ मजली टॉवरांत टाकलं. दुकान नाही, काम नाही, शेजारी ओळखीचा नाही. अकरा लाखांचं शहर सहा लाखांवर आलं. लिव्हरपूल-मँचेस्टरनंही घरं पाडली, पण अशी पारखून माणसं उचलणं एवढ्या प्रमाणात तिथे झालं नाही. आता तो मघाचा हिशेब काढा. शंभर वर्षं धडपडी माणसं बोटीनं गेली, त्यानंतर उरलेल्यांतली धडपडी सरकारनं बसनं नेली. बाहेरच्या स्कॉटिश माणसाचं कर्तृत्व आणि घरच्याचं अल्पायुष्य या मला दोन गोष्टी वाटत नाहीत. काही मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, गेलेल्यांत हाकललेले, कंगालही होते. मान्य. पण तिकिटाचे पैसे जमवू न शकणारे तर मागेच राहिले ना?

आणि यात सगळ्यात जास्त चीड येण्यासारखं हे, की माणसं हलवू नका म्हणून इंदूरला सांगणारा त्यांच्याच देशाचा होता.

दोन मिनिटांत दोन गोष्टी. २०१८मध्ये स्कॉटलंडनं दारूच्या प्रत्येक युनिटला, म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला, किमान ५० पेन्स किंमत ठरवली. व्हिस्कीवाल्यांनी हा कायदा वर्षानुवर्षं कोर्टात अडकवला होता. लागू झाल्यावर निव्वळ दारूनं होणारे मृत्यू अंदाजे १३ टक्क्यांनी कमी झाले, म्हणजे नसता तर जेवढे झाले असते त्यापेक्षा. दुसरी, गोव्हन. तोही ग्लासगोचाच भाग, बोटी बांधणाऱ्यांचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या चाळी पाडायच्या ऐवजी स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या वास्तुशास्त्राच्या काही मंडळींनी रहिवाशांना बरोबर घेऊन घराघरात न्हाणीघर आणि संडास बसवले. भाडेकरू तिथेच राहिले, पुढे त्यांच्याच समित्यांकडे इमारती आल्या, आणि हा प्रकार शहरभर पसरला. त्या चाळींतले फ्लॅट आज काय भावानं जातात ते विचारू नका. रेड रोडचे टॉवर मात्र २०१५पर्यंत सगळे पाडून झाले.

अध्यक्ष उभे राहिलेत. व्हिस्कीबद्दलचे प्रश्न चहाच्या वेळी विचारा, बाकीचे आत्ता घेतो.