उएनोच्या म्युझियममध्ये मायादेवी

नमस्कार मंडळी! आज जरा टोकियोला जाऊन येऊ. जपानची ट्रिप हल्ली आपल्याकडचे बरेच जण करतात, चेरी ब्लॉसम, बुलेट ट्रेन, लांबून फुजी, झालं. म्युझियमचा विषय निघाला की "पाऊस पडला तर बघू". माझं म्हणणं असं की उएनो पार्कातलं टोकियो नॅशनल म्युझियम लख्ख ऊन असलं तरी बघा, फक्त सगळं बघायच्या नादी लागू नका.

कारण सगळं दिसतच नाही हो. संग्रहात साधारण १ लाख २० हजार वस्तू, आणि एका वेळी मांडलेल्या असतात जेमतेम ३ हजार. बाकीच्या आत आराम करत असतात. रेशमावरची चित्रं, कागदावरचे उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेले जुने जपानी प्रिंट, उजेडाने फिके पडतात, म्हणून काही आठवडे लावायचे की परत आत. हासेगावा तोहाकू या चित्रकाराचे धुक्यातल्या पाइनच्या झाडांचे ते घडीचे पडदे, १६व्या शतकातले, ते बहुतेक वेळा नवीन वर्षाच्या सुमारास बाहेर काढतात, त्यामुळे जूनमध्ये जाऊन ते शोधत बसलात तर पायपीट फुकट.

इतिहास थोडक्यात सांगतो. सुरुवात १८७२ च्या एका प्रदर्शनातून झाली, १८८२ ला मुक्काम उएनोत आला, १९२३ च्या भूकंपात जुनी मुख्य इमारत गेली, आणि आत्ताची, होन्कान म्हणतात ती, १९३८ ची. खाली भक्कम काँक्रीट आणि वर जपानी कौलारू छप्पर. काहींना ती विचित्र वाटते, मला आवडते.

होन्कानमध्ये तलवारींपाशी मात्र थांबा. नुसतं समोर उभं राहून पातं म्हणजे चकचकीत पोलाद, बाकी काही कळत नाही. थोडं गुडघ्यात वाका, डोकं डावी-उजवीकडे हलवा, मग लाइट बरोब्बर पडला की धारेच्या कडेने पांढुरका, लाटालाटांचा पट्टा उमटतो. पातं तापवून पाण्यात बुडवायच्या आधी त्याला माती लिंपतात, पाठीला जाड, धारेला पातळ, म्हणजे धार झटकन थंड होऊन कडक होते आणि पाठ जरा लवचिक राहते, त्या दोन्हींच्या सीमेवरची ही खूण. तिथे सगळेच असे उठाबशा काढताना दिसतात, लाजायचं कारण नाही!

आता माझी सगळ्यात लाडकी जागा, आवारात डावीकडे आत असलेली होर्यूजी खजिन्याची इमारत. गर्दी बरीचशी होन्कानमधूनच परत फिरते, त्यामुळे इथे निवांत. होर्यूजी हे नारा भागातलं फार जुनं मंदिर. मेइजी काळात, म्हणजे १९व्या शतकाच्या शेवटी, बौद्ध मंदिरांचे दिवस फिरले, छपरं दुरुस्त करायला पैसा नाही, तेव्हा १८७८ मध्ये मंदिराने ३०० हून जास्त वस्तू राजघराण्याला दिल्या आणि बदल्यात १० हजार येन मिळाले. तो खजिना आता इथे आहे. १९९९ ची ही इमारत आर्किटेक्ट योशिओ तानिगुचींची, ज्यांनी पुढे न्यूयॉर्कच्या मोमाचं, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या म्युझियमचं, मोठं काम केलं.

आत एका अंधाऱ्या दालनात हातभर उंचीच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या बुद्धमूर्ती, बहुतेक ७व्या-८व्या शतकातल्या, प्रत्येकीला वेगळी काचपेटी, वेगळा दिवा. पण मी थांबतो ते एका छोट्या बाईपाशी, म्हणजे मायादेवीपाशी, बुद्धाची आई. लुंबिनीची गोष्ट आपल्याला पाठ आहे, फांदीकडे हात वर केला आणि बाळ जन्मलं. इथे तिच्या अंगात लांब ढगळ बाह्यांचा झगा आहे, उजवा हात वर, आणि त्या बाहीतून बाळाचं डोकं आणि जोडलेले हात बाहेर आलेत. बस्स एवढंच! गोष्ट आपल्या बाजूची, कपडे तिकडचे, आणि कारागिराला कुठेही अडल्यासारखं वाटत नाही. सोबत छोट्या दासी आहेत, त्यांचे झगे असे उडतायत की जणू आत्ताच कोणीतरी बातमी दिली.

हे बघून वेळ उरला तर तोयोकानमध्ये, म्हणजे आवारातल्या आशियाई कलेच्या इमारतीत, गांधार शैलीचे बुद्ध आहेत, आपल्या उपखंडातलेच. आणि बाहेर पडून शिनोबाझू तळ्याकडे चालत गेलात तर मधल्या बेटावर बेंझाइतेनचं देऊळ आहे, म्हणजे आपली सरस्वतीच. उएनो स्टेशनच्या पार्क एक्झिटमधून म्युझियम चालत दहाएक मिनिटं. आणि जायचा वार बघून ठेवा, सोमवारी सहसा बंद असतं, सोमवारी सरकारी सुट्टी आली तर त्या दिवशी उघडं आणि मंगळवारी बंद. आपले लोक नेमके तिथेच फसतात.