मी जीनियस आहे, फक्त मार्कशीट मागू नका

(पडद्यावर ट्विटचा स्क्रीनशॉट, मागे हळू म्युझिक, दोन सेकंदात बंद.)

६ जानेवारी २०१८, शनिवारची सकाळ. व्हाइट हाऊसच्या आतल्या गोंधळावर एका पत्रकाराचं पुस्तक आदल्याच दिवशी बाजारात आलंय, टीव्हीवर दिवसभर एकच चर्चा, की या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का. आणि हा माणूस, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प, आपल्याकडे सोशल मीडियावर ज्यांना सगळे तात्या म्हणतात ते, फोन उचलतात आणि जगाला कळवून टाकतात की आयुष्यभर माझ्या दोनच सगळ्यात मोठ्या जमेच्या बाजू राहिल्यात, एक मानसिक स्थैर्य आणि दुसरी म्हणजे मी खरंच खूप हुशार आहे. पुढे हिशोब पण देतात. यशस्वी बिझनेसमन झालो, टीव्ही स्टार झालो, पहिल्याच फटक्यात राष्ट्राध्यक्ष झालो, तर याला हुशार नाही, जीनियस म्हणायला पाहिजे, आणि तेही व्हेरी स्टेबल जीनियस.

आता ही काही त्या दिवशीची झोपमोड नव्हती बरं का. २०१३ मध्येच त्यांनी ट्विट केलेलं की माझा आयक्यू सगळ्यात वरच्यांपैकी एक आहे आणि ते तुम्हा सगळ्यांना माहितीये, तर उगीच स्वतःला मूर्ख वगैरे समजू नका, तुमची चूक नाही ती. २०१६ च्या प्रचारात कुणीतरी विचारलं, परराष्ट्र धोरणावर सल्ला कुणाचा घेता? तर म्हणे पहिला सल्ला माझा स्वतःचाच, कारण माझा मेंदू फार चांगला आहे. २०१७ मध्ये बातमी फुटली की त्यांचेच परराष्ट्रमंत्री रेक्स टिलरसन एका मीटिंगनंतर त्यांना मूर्ख म्हणाले, तर तात्या फोर्ब्सला म्हणाले, मग आयक्यू टेस्ट करून बघू की, कोण जिंकणार ते मी आत्ताच सांगतो. मेन्साने, म्हणजे हाय आयक्यूवाल्यांच्या संस्थेने, लगेच सांगितलं की या, आम्ही घेतो टेस्ट. व्हाइट हाऊसने सांगितलं, अहो तो जोक होता. पुढच्या मार्चमध्ये टिलरसन घरी.

बोलायला काय जातंय, राजकारणी बढाया मारणारच. पण हा दावा असा आहे की तो तपासायला कागद असू शकतो. आणि कागदाचा विषय निघाला की मजा सुरू होते.

(कॅमेरा एका छापील पानावर. क्लोजअप. बोट ओळीवरून फिरतंय.)

पहिला कागद हा. त्या ट्विटनंतर दहा दिवसांनी, १६ जानेवारीला, व्हाइट हाऊसचे डॉक्टर रॉनी जॅक्सन प्रेससमोर आले आणि म्हणाले, राष्ट्राध्यक्षांनी स्वतः मागणी केली म्हणून आम्ही कॉग्निटिव्ह टेस्ट घेतली, ३० पैकी ३०. झालं. त्या दिवसापासून हे ३० पैकी ३० म्हणजे जणू बोर्डात पहिला नंबर आल्यासारखं फिरतंय.

या टेस्टचं नाव मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, शॉर्टमध्ये मोका. कॅनडातले न्यूरॉलॉजिस्ट झियाद नसरेद्दीन यांनी बनवली, २००५ मध्ये पेपर छापून आला. एकच पान, साधारण दहा मिनिटं. कशासाठी? तर म्हातारपणी स्मरणशक्ती ढासळायला लागलीये का, डिमेन्शियाची सुरुवात आहे का, हे पटकन चाळून बघायला.

आता पानावर काय आहे ते नीट बघा, कारण यावर बोलणाऱ्या बहुतेकांनी हे पान बघितलेलंच नसतं. वर डावीकडे आकडे आणि अक्षरं विखुरलेली, १ पासून ए कडे, ए पासून २ कडे, मग बी, असं रेघेने जोडत जायचं. शेजारी एक घन काढलेला, तो बघून तसाच काढायचा. मग घड्याळ काढायचं, अकरा वाजून दहा मिनिटं. त्याखाली तीन प्राण्यांची चित्रं, मूळ पानावर सिंह, गेंडा आणि उंट, नावं सांगा. मग पाच शब्द ऐकवतात, चेहरा, मखमल, चर्च, डेझीचं फूल, लाल, आणि पाचेक मिनिटांनी पुन्हा विचारतात. पाच आकडे सरळ म्हणा, तीन आकडे उलटे म्हणा. शंभरातून सात वजा करत जा. एका मिनिटात एफ वरून सुरू होणारे अकरा तरी शब्द सांगा. ट्रेन आणि सायकल यांच्यात सारखं काय? २६ किंवा जास्त मिळाले तर नॉर्मल. आणि शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी झालं असेल तर एक मार्क वरून देतात, इतकी ती सांभाळून घेणारी टेस्ट आहे.

म्हणजे ३० पैकी ३० ही चांगलीच बातमी आहे, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तर नक्कीच, त्याबद्दल अभिनंदन. पण त्यातून कळतं एवढंच की त्या दिवशी काही बिघाड सापडला नाही. चष्म्याच्या दुकानात शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचली म्हणून कुणी स्वतःला साहित्यिक म्हणवून घेत नाही ना, तेवढंच. खुद्द नसरेद्दीन यांनी एकदा नाही, अनेकदा सांगितलंय की ही आयक्यू टेस्ट नाही, आयक्यू मोजायला ती बनवलेलीच नाही. पण टेस्ट बनवणाऱ्याचं ऐकतो कोण.

जुलै २०२०. फॉक्स न्यूजवर ख्रिस वॉलेस समोर बसलेत, त्यांनी ही टेस्ट आधी स्वतः देऊन बघितलीये, आणि ते म्हणतात, काही फार अवघड नाही हो, हत्ती दाखवून हे काय असं विचारतात. तात्या चिडले. म्हणाले, शेवटचे पाच प्रश्न फार अवघड असतात, ते तुम्हाला आलेच नसते. आता पान परत बघा, सगळ्यात शेवटची ओळ. आज तारीख कोणती, महिना कोणता, वर्ष कोणतं, वार कोणता, आत्ता आपण कुठे आहोत, शहर कोणतं. एवढंच आहे तिथे!

त्यानंतर तीन दिवसांनी त्याच चॅनलच्या एका डॉक्टरसमोर ते प्रसिद्ध पाच शब्द आले. पर्सन, वुमन, मॅन, कॅमेरा, टीव्ही. टेस्टमध्ये असे शब्द असतात, मग वीस मिनिटांनी पुन्हा विचारतात, मी ओळीने सांगितले, डॉक्टर थक्क झाले, वगैरे. लोकांच्या लगेच लक्षात आलं की हे पाचही जण त्या मुलाखतीच्या खोलीतच हजर असणार. टी-शर्ट निघाले, गाणी निघाली, ते सोडा. मला त्यात हसण्यापेक्षा वेगळीच गोष्ट दिसते, की पास होणं हीच ज्यात अपेक्षा आहे अशी तपासणी हा माणूस पदकासारखी गळ्यात घालून फिरतोय आणि समोरचे करोडो लोक ते खरंच पदक समजून चाललेत.

(जुने फोटो. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया.)

मग खरे मार्क कुठेत? शाळा-कॉलेजचे? कारण तात्या जिथे तिथे व्हॉर्टनचं नाव घेतात. व्हॉर्टन म्हणजे पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचं बिझनेस स्कूल, नाव मोठंच आहे. ऐकणाऱ्याला वाटतं एमबीए असेल, पण नाही, तात्या आधी न्यूयॉर्कच्या फोर्डहॅममध्ये दोन वर्षं होते, १९६६ मध्ये बदली घेऊन व्हॉर्टनला आले आणि १९६८ मध्ये पदवी घेतली, साधी ग्रॅज्युएशनची. ज्या अॅडमिशन ऑफिसरने त्यांची मुलाखत घेतली तो त्यांच्या थोरल्या भावाचा दोस्त होता, आणि त्याने पुढे वॉशिंग्टन पोस्टला सांगितलं की तेव्हा प्रवेश मिळणं फार अवघड नव्हतं.

१९७३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की हा तरुण व्हॉर्टनमधून वर्गात पहिला आला. १९७६ मध्ये परत तेच. कुणी तपासलं नाही. १९८४ मध्ये त्याच पेपरच्या मासिकात एकाने पदवीदान समारंभाची छापील पत्रिका काढून बघितली, तर ऑनर्सच्या यादीत नावच नाही. पहिला नंबर जाऊ द्या, कुठल्याच सन्मानाच्या यादीत नाही. नंतर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पेपरने १९६८ ची डीन्स लिस्ट, म्हणजे चांगले मार्क मिळवणाऱ्यांची यादी, शोधली, तिथे पण नाही. अकरा वर्षं एक गोष्ट छापील खरी म्हणून फिरली आणि ती खोटी पाडायला एक समारंभाची पत्रिका पुरली.

बरं मग सरळ मार्कशीट दाखवून टाकावी ना. विषय संपला असता.

इथे २०११ मध्ये चला. ओबामा राष्ट्राध्यक्ष आहेत, आणि तात्या मुलाखती देत सुटलेत की मी ऐकलंय हा फार ढ विद्यार्थी होता, असा मुलगा कोलंबिया युनिव्हर्सिटीत कसा गेला, हार्वर्डला कसा गेला, रेकॉर्ड दाखवा. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तर व्हिडिओ काढून ऑफर दिली, की ओबामांनी कॉलेजची कागदपत्रं जाहीर केली तर ते म्हणतील त्या संस्थेला ५० लाख डॉलर देतो. ओबामा कोण, तर हार्वर्ड लॉमधून सन्मानाने पास झालेले, तिथल्या लॉ रिव्ह्यूचे, म्हणजे विद्यार्थी चालवतात त्या कायद्याच्या नियतकालिकाचे, अध्यक्ष राहिलेले, आणि हे सगळं आधीपासून जगजाहीर.

आणि त्याच २०११ मध्ये, वॉशिंग्टन पोस्टने नंतर छापलंय, तात्यांच्या जुन्या शाळेत, न्यूयॉर्क मिलिटरी अकॅडमीत, धावपळ चालू होती. तात्यांच्या ओळखीतल्या बड्या माजी विद्यार्थ्यांकडून प्रेशर आलं, त्यांचं रेकॉर्ड शोधा आणि कुणाच्या हाती लागणार नाही असं ठेवा. म्हणजे एका हाताने दुसऱ्याचा निकाल मागायचा आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा कपाटात.

(संसदीय समितीचा हॉल, २७ फेब्रुवारी २०१९.)

मायकल कोहेन, तात्यांचा अनेक वर्षांचा वकील, शपथेवर सांगतोय. म्हणतो, हा माणूस स्वतःला अतिहुशार जाहीर करतो आणि मला सांगतो की माझ्या शाळेला, कॉलेजांना आणि कॉलेज बोर्डाला धमकी दे, माझे ग्रेड आणि सॅटचे, म्हणजे कॉलेज बोर्ड घेतं त्या प्रवेश परीक्षेचे, मार्क बाहेर येता कामा नयेत. आता कोहेन स्वतः काँग्रेससमोर खोटं बोलल्याची कबुली दिलेला माणूस, त्याचं नुसतं तोंडी म्हणणं मी धरलं नसतं. पण त्याने पत्राची कॉपी जोडली होती, मे २०१५ ची, म्हणजे उमेदवारी जाहीर करायच्या महिनाभर आधीची, आणि फोर्डहॅमने पण सांगितलं की हो, असं पत्र आलं होतं. गंमत अशी की अमेरिकेत १९७४ पासून कायदाच आहे, विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय कॉलेज मार्क देऊ शकत नाही. धमकीची गरजच नव्हती. आणि उलट बाजूने बघा, तात्यांनी स्वतः एक सही केली की उद्या सकाळी सगळे मार्क बाहेर.

कदाचित मार्क चांगले पण असतील, कुणास ठाऊक. न दाखवलेल्या मार्कांवरून हा माणूस ढ आहे असं मी म्हणणार नाही, तो तर्क पण तितकाच भोंगळ होईल. असा भोंगळपणा दुसऱ्या बाजूने पण झालाय. २००१ मध्ये अस्तित्वातच नसलेल्या एका संस्थेच्या नावाने ईमेल फिरला, अलीकडच्या राष्ट्राध्यक्षांचे आयक्यू, क्लिंटन १८२ आणि धाकटे बुश ९१. शुद्ध बनाव. पण ब्रिटनच्या गार्डियनने सुद्धा छापलं आणि मग मागे घेतलं, कारण वाचायला गोड वाटत होतं. त्याच बुशचे खरे सॅट मार्क १९९९ मध्येच बाहेर आले होते, १६०० पैकी १२०६, अगदी वाईट नाहीत. आणि येलच्या पदवीदानात ते स्वतःच म्हणाले की सी ग्रेडवाल्यांनो, तुम्ही पण राष्ट्राध्यक्ष होऊ शकता.

आणि डेमोक्रॅट बाजूने टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी १९८७ ची एक टेप. न्यू हॅम्पशायर, प्रचार, एका मतदाराने जो बायडेनना विचारलं, लॉ स्कूल कुठलं, नंबर कितवा? बायडेन भडकले, म्हणाले माझा आयक्यू बहुतेक तुझ्यापेक्षा बराच जास्त आहे, आणि वर सांगितलं की मी वर्गात वरच्या अर्ध्यात होतो. पत्रकारांनी काढलं, ८५ जणांत ७६ वे. ब्रिटिश नेत्याचं भाषण ढापल्याचं प्रकरण आधीच गाजत होतं, त्यात हे, आणि सप्टेंबरमध्ये बायडेन शर्यतीतून बाहेर. तेव्हा खोटा नंबर महाग पडायचा. तात्यांना पत्रिकेतल्या यादीने काहीच फरक पडला नाही, ते दोनदा निवडून आले.

मग हे जमतं कसं? एक काका होते त्यांना. जॉन ट्रम्प, एमआयटीत प्रोफेसर, हाय व्होल्टेजमधले खरे दादा माणूस, कॅन्सरच्या रेडिएशनवर काम, १९४३ मध्ये शास्त्रज्ञ निकोला टेस्ला वारले तेव्हा त्यांचे कागद सरकारने यांनाच तपासायला दिले. तात्यांचा युक्तिवाद असा की घराण्यातच आहे. मार्च २०२० मध्ये करोना सुरू होत असताना अटलांटाला सीडीसीच्या, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, ऑफिसात गेले, काकांचं नाव काढलं, म्हणाले मला हे सगळं कळतं, डॉक्टर विचारतात तुम्हाला एवढं कसं माहिती, बहुतेक उपजतच असावं. पुढच्या महिन्यात जंतुनाशक टोचून काही होईल का, हे पण यांनीच विचारलं. आणि जुलै २०२५ मध्ये काकांवर नवीनच किस्सा, की काकांनी मला सांगितलेलं, बॉम्ब पाठवणारा तो टेड काझिन्स्की त्यांचा विद्यार्थी होता. काका १९८५ मध्ये गेले. काझिन्स्की कोण हे जगाला १९९६ मध्ये कळलं. आणि तो एमआयटीत कधी शिकलाच नव्हता.

पण एक गोष्ट या माणसाला खरंच येते, आणि ती बघायला पुणेकरांना अमेरिकेला जायची गरज नाही. कल्याणीनगरला जा, दोन टॉवर उभे आहेत, वर नाव ट्रम्प. बांधले पुण्यातल्या बिल्डरने, जागा इथली, सिमेंट इथलं, तात्यांचं फक्त नाव, आणि त्या नावाचे पैसे. लोक त्या नावासाठी जास्त मोजतात. जीनियस हा शब्द पण ते असाच लावतात, आत काय आहे ते गिऱ्हाईक नंतर बघेल. याला अक्कल लागत नाही असं कोण म्हणेल?

तोच खेळ उलटा पण चालतो. ज्याच्याशी वाजलं तो लो आयक्यू. खासदार मॅक्सीन वॉटर्स लो आयक्यू, कमला हॅरिस लो आयक्यू, अभिनेता रॉबर्ट डी नीरो सुद्धा. ऑक्टोबर २०२५ मध्ये जपानला जाताना विमानात पत्रकारांसमोर परत तेच, खासदार ओकासिओ-कोर्टेझ आणि जॅस्मिन क्रॉकेट या दोघी लो आयक्यू, मी दिलेली टेस्ट त्यांनी देऊन दाखवावी, सुरुवातीला वाघ, हत्ती, जिराफ असतात ते सोपं, पण पुढे पुढे त्यांना झेपणार नाही.

ओकासिओ-कोर्टेझने ऑनलाइनच उत्तर दिलं. सहज विचारते, म्हणाली, डॉक्टरांनी तुम्हाला घड्याळ काढायला सांगितलं होतं का हो? ते पण अवघड गेलं का?