फाटक्या पुस्तकांचं प्रदर्शन

(परदेशातल्या एका मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कोल्हापूरच्या एका निवृत्त शालेय ग्रंथपाल बाईंनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

मघाशी जेवणाच्या रांगेत एका ताईंनी विचारलं, "तुम्ही कोल्हापूरच्या ना, मग पांढऱ्या रश्श्यावर बोलणार का?" नाही हो. मी बोलणार आहे कसरीवर. पुस्तकं खाणारी ती चंदेरी कीड. जेवणं झाल्यावर मला उभं केलंत, ते एका अर्थी बरं झालं.

आणखी एक. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. लेकीनं गाडीत दोनदा बजावलंय, "आई, स्टेजवर आले-गेले म्हण." सांभाळते. एखादा 'आलो' निसटला तर समजून घ्या.

कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातला तो पहिला. मद्रासचा त्यानंतर तीन वर्षांनी आला आणि आपल्या महाराष्ट्राचा १९६७ साली. थांबा, टाळ्या नकोत. कारण त्याच गावात, एका शाळेत, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला होता. एक-दोन नाही, अकरा वर्षं.

कुलूप का, ते सांगते. दर मे महिन्यात पडताळणी व्हायची. दाखल नोंदवहीतला एकेक क्रमांक पुकारायचा, कपाटातलं पुस्तक काढून दाखवायचं. जे सापडणार नाही त्याची किंमत ग्रंथपालाच्या नावावर. म्हणजे पोरं भरपूर वाचतात तिथली ग्रंथपाल खड्ड्यात, आणि कुलूप लावणारी निवांत. मी निवांत होते. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, त्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं लिहिलंय, गोष्टीची पुस्तकंही हवीत असं लिहिलंय. कुलपाबद्दल त्यात काही नाही.

प्रदर्शनं मात्र आम्ही नेमानं भरवायचो. वाचन प्रेरणा दिन, १५ ऑक्टोबर. टेबलावर पांढरी चादर, पुस्तकं उभी करून ठेवलेली, थर्माकोलची अक्षरं, आणि 'कृपया हात लावू नये'. मुलं हात मागे बांधून रांगेनं पुढून जायची. फोटो निघायचा, अहवाल जायचा, पुस्तकं परत कपाटात. सहलीतही तीच गत. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी! एवढी नवलाची वस्तू, पण माझा वर्ग तिच्यापुढून भेळेची गाडी शोधत निघून गेला. त्यात मूर्तीची चूक नव्हती, आणि पोरांचीही नव्हती. मी त्यांना फक्त 'पुढे चला' म्हणत होते.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी; त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्या शाळेत पाणी आलं नाही. पण ओळखीच्या एका वाचनालयाच्या तळमजल्यात शिरलं. पाणी उतरल्यावर त्यांनी हाक मारली आणि मी नववीच्या पोरांना घेऊन गेले.

ओलं पुस्तक दोन दिवसांच्या आत वाळायला लागलं नाही तर बुरशी धरते, हे मला पुस्तकी माहीत होतं. तिथं चार दिवस झाले होते. वास काय सांगू तुम्हाला. पंखे लावले, पानांमध्ये कोरे कागद घातले, दर दोन तासांनी बदलले. साध्या खरखरीत कागदाची पुस्तकं फुगली, वाकडी झाली, पण उघडली. चकचकीत कागदाच्या चित्रांच्या पुस्तकांची मात्र वीट झाली. त्या कागदावरचा लेप ओला होऊन वाळला की पानाला पान चिकटतं. एक मी सुरीनं सोडवायला गेले. चित्राचा अर्धा भाग या पानावर, अर्धा त्या पानावर.

त्यातली साठेक पुस्तकं निर्लेखनात निघाली, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी केली. वाचनालयवाले रद्दीत टाकणार होते. मी म्हटलं, मला द्या. आमच्या कपाटातलीही बाद पुस्तकं काढली आणि शाळेच्या व्हरांड्यात मांडली. चादर नाही, थर्माकोल नाही. पाचवीतला एक पोरगा लांबून विचारतो, "बाई, ह्याला हात लावला तर चालंल?" म्हटलं, लाव. आता आणखी काय बिघडणार आहे त्याचं! माझ्या नोकरीत पहिल्यांदा मी असं म्हणाले असेन.

पाट्या लिहायचं काम नववीकडं दिलं होतं. पुस्तकाला काय झालंय, कशानं झालं, आणि तुला कसं कळलं. चाळीस शब्दांत. पहिल्या दिवशी बहुतेकांनी लिहून आणलं, 'पुस्तके आपले खरे मित्र आहेत.' सगळं परत. 'कसं कळलं' या तिसऱ्या प्रश्नानं पोरांना पळवलं. भोक गोल आणि आरपार असेल तर अळीचं, पानाचा वरचा थर खरवडलेला असेल तर कसरीचं. कसर बांधणीतली खळ खाते, म्हणून कणा आधी जातो. हे शोधायला विश्वकोशाचे खंड उघडावे लागले. आमच्याकडे होते तेवढे पुरले नाहीत, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर चालत करवीर नगर वाचन मंदिरात. संस्था १८५० सालची. शाळेतून फार लांब नाही, तरी वर्गातल्या निम्म्या पोरांनी तिचा जिना पहिल्यांदा चढला.

एका मुलीनं घरच्या ट्रंकेतून पणजोबांच्या वेळचं मोडीतलं खरेदीखत आणलं. हातकागद, काजळाची शाई. अक्षर काळंभोर, कागद कापडासारखा मऊ. शेजारी मी शाळेतलं सत्तरच्या दशकातलं पुस्तक ठेवलं, तर त्याचं पान उलटताना कोपरा हातात आला. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, ते त्याला आतून जाळतं. पोरं दोन्ही कागद बोटांनी चाचपून बघत होती. "जुनं हाय ते नवं हाय आणि नवं हाय ते जुनं झालंय," असं एकानं जाहीर केलं. रसायनाच्या सरांनी पुढचा तास व्हरांड्यातच घेतला.

मला सगळ्यात आवडलेली पाटी त्या विटेची. मुलानं लिहिलं होतं: 'हे पुस्तक चार दिवस पाण्यात होतं. पानं चकचकीत आहेत म्हणून चिकटली. शेजारचं पुस्तक खरखरीत आहे म्हणून उघडलं. बाईंनी हे सुरीने उघडून बघितलं. ते चुकलं.' मुख्याध्यापक पाहुण्यांना घेऊन येणार होते. मी म्हटलं, शेवटचं वाक्य काढूया का रे? तर म्हणाला, "खरं हाय की, बाई." राहिलं ते वाक्य. पाहुण्यांनी नेमकं तेच मोठ्यानं वाचलं.

त्यानंतर मी कुलूप काढलं. पुढच्या मे महिन्यात चौदा पुस्तकं कमी भरली, त्यांची किंमत माझ्या पगारातून गेली. तक्रार नाही, हिशोब सांगतेय. त्यातली तीन पोरांनी दिवाळीनंतर आणून दिली, एकावर तेलाचे डाग होते. ते लगेच पुढच्या प्रदर्शनात लागलं.

तुमच्यापैकी बरेचजण गावाकडच्या शाळेला पुस्तकं पाठवता, पाठवत राहा. पण मला आज वेगळं काही हवंय. मी निवृत्त झाले तरी तो व्हरांडा चालू आहे. पुढच्या महिन्यात माझं परतीचं विमान आहे आणि लेकीशी भांडून बॅगेत सात किलो जागा मिळवली आहे. तुमच्या घरात, मुलांनी रंगवलेलं, चावलेलं, आंघोळीच्या टबात पडलेलं एखादं मराठी पुस्तक असेलच. सात समुद्रांपलीकडे मराठी पुस्तकाची पानं कशानं फाटतात ते आमच्या पोरांना बघायचंय. सोबत पाटी हवी: काय झालंय, कशानं, कसं कळलं. तुमच्या मुलांना मराठी लिहायला जमत नसेल तर त्यांनी बोलून सांगावं, मी लिहून घेते.

चहाच्या टेबलाच्या डाव्या हाताला बसलोय. बसलेय.